सामानाजवळ कोण बसणार

"बॅगा आत नेता येणार नाहीत," राजवाड्याच्या फाटकावरच्या माणसाने सांगितलं आणि तिघांनीही एकदम तिच्याकडे पाहिलं.

बोलायची गरजच नव्हती. सुनेने खांद्यावरची पिशवी बाकावर ठेवली, मुलाने पाठीवरची बॅग उतरवली, त्यावर डबे, छत्र्या, पाण्याच्या बाटल्या रचल्या. नवऱ्याने टोपी नीट केली आणि खिशातून तिकिटं काढली.

माणसं चार, तिकिटं तीन.

"माझं कुठाय?" तिने विचारलं.

"तुझं?" नवरा खरोखरच गोंधळला. त्याने तिकिटं उलटीसुलटी करून पाहिली, जसं काही चौथं मागे चिकटलं असावं. "अगं, सवयीने तीनच मागितली मी."

सवयीने! शिवी दिली असती तर परवडलं असतं. शिवी देणाऱ्याला निदान समोर माणूस आहे एवढं तरी ठाऊक असतं.

ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. उभी हयात ओल्या चादरी पिळण्यात, वाळवण्यात, इस्त्रीच्या वाफेत गेली. आठवड्याची एक सुटी मिळायची, आणि ती सुटी आली की नवऱ्याच्या अंगात इतिहास संचारायचा. गल्लीत त्याला इतिहासाचार्य म्हणत; त्याला तो मान वाटे. चला किल्ल्यावर, चला लेण्यांना, चला तळ्यावर पक्षी बघायला. पहाटे उठून डबे कोण भरणार? ती. ते वाहणार कोण? तीच. आणि पोचल्यावर सामानाजवळ बसणार कोण, हा प्रश्न त्या घरात कधी कोणी विचारलाच नाही.

किल्ल्याचं म्हणाल तर तिने पायथ्याचं झाड पाहिलंय. लेण्यांचं म्हणाल तर चपलांचा ढीग. तळ्यावरचे परदेशी पक्षी म्हणजे तिच्यासाठी तिकीटघराच्या मागची भिंत आणि त्या भिंतीवर बसलेला कावळा. "आम्ही सगळं पाहिलंय," असं नवरा पाहुण्यांना सांगायचा, तेव्हा ती चहाचे कप घेऊन उभी असायची. तो वर म्हणायचा, "ही पण होती ना आमच्याबरोबर!" आणि ती मान डोलवायची. का डोलवायची? कारण पाहुण्यांसमोर नवऱ्याला खोटं पाडायचं नसतं, असं तिला शिकवलं होतं. शिकवणाऱ्यांचं काही जात नव्हतं.

या राजवाड्यातल्या घड्याळाची गोष्ट तर तिला पाठ होती. भिंतीएवढं विलायती घड्याळ. बाराचे ठोके पडले की वरचं दार उघडतं, सोन्याचा पक्षी बाहेर येतो, पंख पसरतो आणि गातो. नवरा दोन्ही हात पसरून तो पक्षी करून दाखवायचा. मानसुद्धा वाकडी करायचा. वाफेत उभी असताना कितीदा तिच्या डोळ्यांपुढे तो पक्षी यायचा. बाकी काही नाही पाहिलं तरी चालेल, तेवढा बघायचा, असं तिने धरून ठेवलं होतं.

आणि आता राजवाड्याचं हॉटेल होणार होतं. पुढच्या महिन्यापासून आत जायचं तर खोली घ्यायला लागणार. म्हणून सकाळी बसमध्येच तिने सांगून टाकलं होतं, "आज मी आत येणार आहे." नवरा खिडकीबाहेर बघत म्हणाला होता, "हो हो, बघू."

हे असं बघितलं होतं त्याने.

"तसंही वर जिना आहे," तो आता समजुतीच्या सुरात म्हणाला. "तुझे गुडघे..."

"गुडघे कपडे पिळून गेलेत माझे. बाकावर बसून नाही."

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत की. लोकांना तरी काहीतरी बघायला मिळू दे."

सून पटकन म्हणाली, "अहो आई, मी बसते. खरंच. तुम्ही जा."

"तू बसायचं नाहीस," ती जवळजवळ ओरडलीच. "आज बसलीस की जन्मभर बसशील. चल आत."

मग तिने नवऱ्याच्या बोटांतून तिन्ही तिकिटं ओढून घेतली. मुलाची बॅग त्याच्या एका खांद्याला अडकवली, सुनेची पिशवी दुसऱ्याला, आणि डबे मांडीवर ठेवता यावेत म्हणून त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. इतिहासाचार्य बसले. तोंड उघडं ते उघडंच.

जिना तिने कठड्याला धरून चढला. तलवारींकडे पाहिलं नाही, तसबिरींकडे पाहिलं नाही. थेट घड्याळापुढे जाऊन उभी राहिली. बाराला थोडा वेळ होता. मुलगा मागून म्हणाला, "आई, दुसरं दालन आधी बघूया का?"

"नको."

ठोके पडू लागले. मोठे, भरदार. ती मान वर करून बघत राहिली. शेवटचा ठोका विरला. दार उघडलं नाही.

कोपऱ्यातल्या खुर्चीवरच्या राखणदाराने जांभई दिली. "पक्ष्याची वाट बघताय का, बाई? ते दार रंग मारून बंद केलंय. मी नोकरीला लागलो त्याच्याही आधीपासून. आत आहे की नाही देव जाणे."

ती मुलाकडे वळली. तो छताकडे बघत होता.

"तुला माहीत होतं?"

"आई, बाबांना ते सांगायला आवडायचं..."

"तू लहान असताना आला होतास ना इथे? तेव्हा आला होता पक्षी?"

"नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

तो चाचरला. मग जे खरं होतं तेच त्याच्या तोंडून निघालं. "तू आत येणारच नव्हतीस ना. तुला काय फरक पडणार होता?"

सुनेने त्याचा हात सोडला.

ती पुन्हा घड्याळाकडे वळली. रंगाखाली बुजलेली दाराची चौकट तेवढी नीट बघून घेतली.

बाहेर नवरा तसाच बसला होता. ऊन सरकून त्याच्या तोंडावर आलं होतं. कोणत्या वेळी कोणत्या टोकाला सरकायचं, हे त्याला कुठून ठाऊक असणार? तिला बघून तो कसनुसं हसला.

"काय, पाहिलास का?"

"पाहिला," ती म्हणाली. "दार उघडलं, बाहेर आला, पंख पसरले, गायला. अगदी तुम्ही करून दाखवता तस्सा. मानसुद्धा वाकडी."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने नजर डब्यांवर नेली आणि तिथेच ठेवली.

"चला, बस निघून जाईल," मुलगा म्हणाला.

नवऱ्याने उठताना बाटल्यांची पिशवी सवयीने तिच्यापुढे धरली. ती पिशवीच्या बाजूने निघून गेली.

थोडं चालल्यावर तिच्या लक्षात आलं की हातांचं काय करायचं ते तिला कळत नाहीये. ते नुसतेच बाजूला लोंबत होते, भेगाळलेले, वाफेने सुरकुतलेले. मग वर दालनातून फिरणारे लोक करत होते तसे तिने ते पाठीमागे बांधले, आणि सावकाश, इकडेतिकडे बघत, बसकडे चालू लागली.