रिकाम्या खुर्चीची पाळी

तांत्रिक लेखन शिकवणाऱ्या बाईंचा एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. विद्यार्थ्यांनी पटावरचा खेळ बनवायचा, त्याची नियमपुस्तिका लिहायची, आणि चाचणीच्या दिवशी इतरांनी ती वाचून खेळायचं. लिहिणाऱ्याने मात्र शेजारच्या खुर्चीत तोंडाला कुलूप लावून बसायचं. "पुढे काय घरोघरी समजवायला जाणार आहात?" बाई विचारायच्या.

बडबडी म्हणून वर्गात जिचं नाव पडलं होतं, तिला हे कधी जमलं नाही. ती मध्येच बोलायची आणि बाई तिला झापायच्या.

तिच्या शेवटच्या खेळाची चाचणी आली, तेव्हा ती अपघातात गेल्याला नऊ दिवस झाले होते. तिची खुर्ची कोणी हलवली नाही. चौघे खेळायला बसले. अडलं की सवयीने खुर्चीकडे बघायचे, मग पान उलटायचे. उत्तर तिथे असायचंच.

तेवढ्यात एका खेळाडूला फोन आला आणि तो बाहेर गेला. आता त्याच्या सोंगटीचं काय? दुसरीने शेवटचं पान वाचलं: "कुणी मध्येच उठून गेलं, तर सोंगटी काढू नका. त्याची पाळी आली की दहा मोजेपर्यंत थांबा. येईलही."

मसुद्यात बाईंनी हाच नियम लाल शाईने खोडून शेजारी 'निरर्थक' लिहिलं होतं. बडबडीने तो तसाच ठेवला होता.

वर्गाने दहा मोजले. फासा कोणी उचलला नाही. दाराकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. सगळे खुर्चीकडे बघत होते.

बाई अजून मोजतच होत्या.