गोळीचं श्रेय

रंगारी मास्तरांची कामाची पद्धत ठरलेली. खाली उकिडवं बसून जमिनीलगतची पट्टी रंगवायची, ताडकन उठायचं आणि थेट शिडी चढायची. मध्ये रेंगाळणं त्यांना खपत नसे. पण अलीकडे उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येई आणि भिंत धरावी लागे. "शुगर उतरली," ते जाहीर करत. इतकी वर्षं मधुमेह अंगाखांद्यावर वागवल्यावर त्याचा स्वभाव आपल्याला पुरता कळला आहे, अशी त्यांची भलतीच खात्री होती.

मग त्यांच्या हाताखाली काम करणारा मेहुणा खिशातून लिमलेटची गोळी काढी. मास्तर पालथ्या बादलीवर बसून ती चघळत. जरा वेळाने तरतरी येई.

"बघा भावोजी, मी नसतो तर?" मेहुणा कॉलर ताठ करी.

"तू नसतास तर ही भिंत कालच झाली असती," मास्तर म्हणत आणि आणखी एक गोळी मागत.

अंधारी काही हटेना. शेवटी बायकोने दोघांनाही पुढे घालून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी मास्तरांना आडवं करून रक्तदाब मोजला, मग उभं करून मोजला. दाब असा कोसळला की बाईंनीच त्यांना धरून खुर्चीत बसवलं.

"शुगर उतरत नव्हती, दाब उतरत होता," त्या म्हणाल्या. "माणूस उठला की रक्त पायांत उतरतं. ते सावरायचं काम नसा, म्हणजे मज्जातंतू, आपोआप करतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. तुमच्या त्याच नसा मधुमेहाने खाल्ल्यात. गोळी चघळायला तुम्ही बसत होतात, आणि बसल्यामुळे बरं वाटत होतं. गोळीने शुगर तेवढी वाढवून ठेवली. आता सावकाश उठायचं, औषध घ्यायचं. आणि शिडी बंद."

मेहुण्याचं तोंड एवढंसं झालं. मास्तर मात्र त्याच्यावर चिडले नाहीत. त्यांना राग आला होता तो स्वतःच्या अंगाचा. न सांगता संप करणारं अंग त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी एका दवाखान्याची खोली रंगवायची होती. छताजवळचा कोपरा तेवढा उरला. मास्तरांनी मेहुण्याला चहा आणायला पिटाळलं आणि शिडी चढले. एकदा वर पोचलं की पुन्हा उठायचंच नाही, मग अंधारी कुठून येणार, असा त्यांचा हिशोब. ब्रश फिरायला लागला आणि त्यांना फार बरं वाटलं.

डगमगणारी शिडी एकाएकी स्थिर झाली. त्यांनी खाली पाहिलं. मेहुण्याने दोन्ही हातांनी शिडीला मिठी मारली होती आणि डोळे गच्च मिटले होते.

"ओरडला का नाहीस?"

"दचकला असतात," तो म्हणाला. "करा तुम्ही तुमचं. फक्त ताईला मी काय सांगायचं, तेवढं सांगून ठेवा."

वीतभर कोपरा राहिला होता. मास्तरांनी तो तसाच सोडला. ते एकेक पायरी चाचपत खाली आले, भिंतीला टेकून जरा थांबले आणि ब्रश पुढे केला.

"घे. कोपरा राहिलाय."

"माझा हात वर बरोबर फिरत नाही. तुम्हीच म्हणता ना कायम."

"खोटं बोलत होतो," मास्तर म्हणाले. "वरचं तुला जमतं असं म्हटलं असतं, तर माझं काय काम उरलं असतं?"

आणि त्यांनी शिडी घट्ट धरली.