काठाखालचं कुंकू

मित्रांनो, ही गोष्ट २०२३ सालच्या दसऱ्याची. मी एक जुनी काचेची कुपी आहे, करंगळीएवढी. त्या वर्षी माझ्या पोटात अंड्याच्या पांढऱ्या बलकातून काढलेल्या प्रथिनाचं पाणी होतं. तसंच पाणी घेऊन माझी जुळी बहीण कॉलेजच्या प्रयोगासाठी रॉकेटमधून अंतराळात गेली. मी अमडापूर गावी, त्या प्रयोगातल्या विद्यार्थिनीच्या, योगिनीच्या, घरच्या कोठीच्या खोलीत राहिले.

दोघींनी त्या पाण्यातून स्फटिक वाढवायचे होते. जमिनीवर ते जड होऊन तळाशी बसतात, एकमेकांना चिकटतात. वर ते तरंगत, निवांत वाढतात. स्फटिक नितळ असला की प्रथिनाची घडण कळते आणि औषधं शोधायला तिचा उपयोग होतो. वरचे खरंच सरस का, हे माझ्याशी ताडूनच ठरणार होतं. म्हणून मला धक्का नको, ऊन नको. कॉलेजला सुट्टी, म्हणून योगिनीने मला घरीच मांडलं.

"माय, इले हात नको लावू."

"नाई लावत व," तिची आई गीताबाई म्हणाली.

दसऱ्याला सकाळी योगिनी शेतात अजून झेंडू तोडायला गेली. अंगणात विळा, कुऱ्हाड, डवरा धुऊन पूजेला मांडले होते. गीताबाई थबकली. "सगळ्याइच्या हत्याराले फूल, अन् माह्या पोरीच्या हत्याराले नाई?"

तिचा नवरा इंद्रभान हसला. "मंग माह्या चष्म्यालेबी लाव कुंकू!"

तिने मला उचललं, पदराने पुसलं, कुंकू लावलं आणि अंगणात हत्यारांपाशी फुलांत ठेवलं. प्रयोगशाळेत मी नुसती धुतली जायचे. पूजा कुणी केली नव्हती. मी फुगले. पोटात कोवळे स्फटिक गरगरत होते, मोडत होते, ऊन चढत होतं. मला कळत होतं. तरी वाटलं, अजून थोडा वेळ बसावं फुलांत. त्याचीच लाज आजही वाटते.

योगिनी यायच्या आत गीताबाईने मला परत कोठीत ठेवलं.

महिन्याने बहीण परतली. कॉलेजात योगिनीच्या अविनाश सरांनी दोघींना उजेडात धरलं. "वा! वरचे खडीसाखरेसारखे, खालचा नुसता चुरा!" वर्गातल्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात माझ्या काठाखाली योगिनीचं बोट लाल झालं.

घरी तिने ते बोट आईपुढे धरलं.

"मीच मांडली व पूजेत," गीताबाई खाली बघत म्हणाली.

"मंग बोलली काऊन नाई?"

"तू इतकी खुशीत होती. जीभच उचलेना."

दुसऱ्या दिवशी योगिनीने सरांना सगळं सांगितलं. सरांनी वहीतल्या तुलनेवर स्वतः आडवी रेघ मारली. पुन्हा रॉकेट मिळालं नाही.

अविनाश सर आता निवृत्त होऊन चिखलीला राहतात. इंद्रभान अजून शेत बघतो. योगिनी नागपूरला प्रयोगशाळेत स्फटिकच वाढवते. गीताबाई दर दसऱ्याला कोठीच्या बंद दाराशी एक फूल ठेवते. आत जात नाही.

मी कॉलेजच्या खणात आहे. मित्रांनो, कधी हाती लागले तर मला जरूर धुवा. पण काठाखालचा तो लाल ठिपका तेवढा राहू द्या. कुणी विचारलं, तर तो कसा लागला ते खरं सांगा.