घमेल्यातलं गार पाणी

मित्रांनो, मी एक जुनं घमेलं आहे. माझा काठ फाटला आहे, बुडाला पोचे पडले आहेत आणि अंगभर गंज चढला आहे. माझी कीव करा असं मी म्हणत नाही. मला एका कोंबडीबद्दल बोलायचं आहे. ती म्हातारी होऊन मेली, असं आमच्या घरात सांगतात. ते खोटं आहे. मी तिच्या खाली होतो, मला माहीत आहे.

माझा जन्म एका कारखान्यातला. पत्र्याची गोल चकती होतो, वरून जड साचा धाडकन आदळला आणि मी खोल झालो. मग आम्हा सगळ्यांना एकात एक घालून दोरीने बांधलं आणि दुकानात पाठवलं. दुकानदाराने टिचकी मारली, मी टणकन वाजलो. एका तरुण गवंड्याने तो आवाज ऐकूनच मला उचललं.

त्याच्याबरोबर मी किती भिंती उभ्या केल्या, सांगता येणार नाही. माल भरून मी डोक्यांवरून परांचीवर चढायचो आणि रिकामा होऊन खाली यायचो. संध्याकाळी गवंडी मला स्वतः धुवायचा. मजुराच्या हाती द्यायचा नाही. "एक कण राहिला तर उद्या त्याचा दगड होतो," असं म्हणत तो मला घासायचा आणि काठावरून बोटं फिरवायचा. केसाएवढी चीर पडली तरी त्याच्या बोटाला कळायची. हे लक्षात ठेवा. त्या बोटांना बघता येत होतं.

पुढे माझा काठ फाटला. एका मजुराच्या कपाळाला लागलं. गवंड्याने मला घरी आणलं आणि परसात खुराड्याजवळ टाकलं. त्याची बायको एका धुलाईच्या कारखान्यात चादरींना इस्त्री करायची. कोंबड्या तिच्या. माझ्यात ती त्यांना पाणी ठेवायची.

त्या कोंबड्यांत एक करडी होती. मान ताठ, चाल मोजून, प्रत्येकाच्या ताटात डोकावायची. तिचं नाव मास्तरीण. गवंड्याचा धाकटा भाऊ टेम्पो चालवायचा. तो तिला बघून म्हणायचा, "वहिनी, तुमची मास्तरीण आली तपासणीला. नखं कापलीत का सगळ्यांनी?" वहिनी कामावरून आली की मास्तरीण फाटकापासून तिच्या पायात घोटाळत यायची. माझ्यातलं पाणी प्यायची तीही वहिनी शेजारी बसली असेल तरच.

थंडीत दिवस लहान होतो. कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतात, त्यांच्या अंगाला विसावा मिळतो. आमच्याकडे तो मिळाला नाही. धाकट्याने खुराड्यात एक बल्ब लावला, म्हणजे कोंबड्यांना दिवस मोठा वाटावा. अंडी येत राहिली. सगळ्यांनी बल्बचं कौतुक केलं. अंड्याचं कवच मात्र पातळ होत गेलं. एक दिवस मास्तरणीचं अंडं वहिनीच्या तळहातावरच फुटलं.

"अहो, दाण्याच्या दुकानातून शिंपल्यांचा चुरा आणा ना," ती नवऱ्याला म्हणाली. "कवच बघा, कागद झालाय नुसता."

"आणतो."

पुढच्या आठवड्यात, "अगं, राहिलंच." त्याच्या पुढे, "आता कोंबडीला टॉनिक पाजायचं का? आपल्याला कोणी पाजतंय?"

भिंतीच्या मालात सिमेंट कमी पडलं असतं तर याच माणसाने मजुराचा बाप काढला असता.

मग ती सकाळ आली. मास्तरीण घरट्यातून उठलीच नाही. पिसं फुगलेली, शेपूट खाली, डोळे मिटत होते. कधीकधी कोंबडीला अंडी उबवायची ओढ लागते आणि ती घरट्यात ठाण मांडून बसते. तिला खुडूक म्हणतात. आमच्याकडे खुडूक कोंबडीवर एकच उपाय होता. मला नळाखाली धरायचं, गार पाणी भरायचं आणि तिला पोटापर्यंत बुडवायचं. गवंड्याने लांबूनच बघितलं आणि निकाल दिला. "खुडूक झाली."

वहिनी डबा पिशवीत घालत होती. ती थांबली. "मला नाही वाटत. खुडूक कोंबडी हात नेला की फिस्कारते, चोच मारते. ही गप्प आहे. थांबा, पोटाला हात लावून बघते."

"तुझी बस जाईल. कोंबडीचे डोहाळे पुरवत बसू नकोस. मी बघतो."

ती गेली. मित्रांनो, त्याने बघितलं नाही. त्याने मला नळाखाली ठेवलं.

एरवीच्या खुडूक कोंबड्या पंख आपटून मला हलवून सोडायच्या. मास्तरीण नुसती बसून राहिली. "अंघोळ झाली, आता वर्गावर जा," धाकटा म्हणाला आणि दोघे हसले. तिच्या पोटात एक कडक गोळा होता. तो माझ्या बुडाला टेकला होता. मी पत्रा आहे. पत्र्याला जे कळलं, ते कळायला त्या माणसाला फक्त हात खाली न्यायचा होता.

दुपारी वहिनी आली तेव्हा फाटकाशी कोणी नव्हतं. मास्तरीण भिंतीशी ओली उभी होती, अंग ताठ करून पुन्हा पुन्हा जोर लावत होती. वहिनीने तिच्या पोटाखाली हात घातला आणि एका क्षणात तिला समजलं. "अगं बाई, अंडं अडकलंय. आणि तुम्ही हिला गार पाण्यात घातलंत?"

गवंडी पाठ फिरवून आत गेला. तिने पाणी तापवलं, कोपर बुडवून बघितलं आणि माझ्यात ओतलं. माझ्या अंगाला कोमट पाणी पहिल्यांदा लागलं. तिने मास्तरणीला त्यात बसवलं, अंडं येण्याच्या जागी तेल लावलं, डोळ्यांवर ओढणी धरली. दुसऱ्या हाताने ती पाठीवरून हळूहळू कुरवाळत राहिली. पाणी निवलं की बदलायची. हळूहळू त्या ताठलेल्या अंगातला पीळ सुटला. मला वजनातून कळत होतं. शेवटी अंड्याचा पांढरा ठिपका दिसला.

"आलं बघ," वहिनी पुटपुटली. "घाई नको. तू तुझ्या वेळेने घे."

तेवढ्यात गवंडी परत बाहेर आला. त्याला सकाळचं मनाला लागलं असावं. त्यालाही काही करायचं होतं. "सरक, मी काढतो. पोटावर जरा दाब दिला की झालं."

"दाबू नका. कवच पातळ आहे."

"अगं, मला नको शिकवू."

त्याने दाबलं. फार आवाज झाला नाही. अंडं आतच फुटलं आणि पाण्यात पिवळं उतरलं, मग लाल. मास्तरणीने मान वर केली. तेवढंच.

"डॉक्टरकडे नेऊ या," वहिनी म्हणाली. "जनावरांचा दवाखाना अजून उघडा असेल."

"कोंबडीला डॉक्टर? लोक तोंडात शेण घालतील. उद्या बघू."

उद्या बघण्यासारखं काही राहिलं नाही. त्याच रात्री मास्तरीण गेली. सकाळी कुंपणाशी खड्डा खणला आणि तिला माझ्यातूनच तिथवर नेलं. शेजाऱ्याने विचारलं तर गवंडी म्हणाला, "वय झालं होतं तिचं."

"वय नव्हतं झालं," वहिनी म्हणाली. "कोणी बघितलं नाही."

ती हे एकदाच बोलली. मग तिने ओढणी धुतली आणि कामाला गेली. गवंड्याने मला घासून लख्ख केलं. काठावरून बोटं फिरवली. माझ्यात मातीचा एक कण ठेवला नाही.

बल्ब अजून जळतो आहे. शिंपल्यांचा चुरा अजून आलेला नाही. आज सकाळपासून तांबडी कोंबडी घरट्यात बसून आहे. वहिनी कामावर गेली आहे.

"दादा, ही पण खुडूक वाटतं," धाकटा आत्ताच म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "वहिनी म्हणत होत्या, आधी पोट बघत जा."

"तुझी वहिनी काही ना काही म्हणतच असते. घमेलं घे."

मित्रांनो, मुक्या जिवांवर दया करा, असं मी सांगणार नाही. ते तुम्ही निबंधात लिहिता आणि मार्क घेता. मी एवढंच सांगतो. कोंबडी गप्प बसली असेल तर शिक्षा करण्याआधी तिच्या पोटाखाली हात घाला. आणि घरात कोणी "थांबा, बघते" म्हणत असेल, तर तिला बघू द्या.

मला नळाखाली ठेवलं आहे. पाणी फाटक्या काठापर्यंत आलं आहे. गार आहे. तांबडी घरट्यात आहे, आणि तिला अजून कोणी हात लावलेला नाही.