सातव्या पायरीखालच्या खुणा

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे. दोन हजार तीन साली मला भंगारात काढले होते, आणि त्याच वर्षी माझ्या आयुष्याचे सोने झाले. त्या वर्षाची गोष्ट सांगते.

ज्या सुताराने मला घडवले, त्याने आधी जमीन कार्यालयाच्या दप्तरखान्यातले भिंतभर लांब एकच फडताळ केले आणि मग त्याच मापाने मला केले. फडताळाला अकरा खण, मला अकरा पायऱ्या. "चढणाऱ्याला शोधत बसायला नको," तो म्हणाला होता. खणांत जमिनीच्या नोंदवह्या असत. कोणता तुकडा कोणाचा, केवढा, शेजारी कोण, सारे त्यांत.

दप्तरखाना सांभाळत ते आबा. त्यांची एक रीत होती. वही जीर्ण झाली की ते तिची नवी प्रत काढत. क्रमांक तोच, वरची तारीखही तीच, कारण नियमच तसा होता. पुढच्या दुरुस्त्या मात्र नव्या वहीत होत. जुनी वही ते फेकत नसत. नवीच्या शेजारीच ठेवत, पण कण्यावरचा क्रमांक भिंतीकडे करून. अशा वहीला सगळे 'पाठमोरी' म्हणत. "ही आता साक्ष द्यायची नाही, नुसती आठवण ठेवायची," आबा म्हणत. मग ते खाली बसत आणि माझ्या त्या खणाच्या पायरीला खालच्या बाजूने जांभळ्या पेन्सिलीने लिहीत: डावीकडून नववी. डावीकडून चौदावी. वरच्या बाजूला लिहिले असते, तर पायांनी पुसले गेले असते ना!

आबांच्या हाताखाली चोवीस वर्षांच्या एक बाई आल्या. दोन वर्षांत आबा निवृत्त झाले आणि किल्ल्यांचा जुडगा बाईंच्या कंबरेला आला. पुढे नव्या प्रती काढणे बंद पडले. पेन्सिल हरवली आणि माझ्या पोटावरच्या खुणा सगळे विसरले. मीही जवळजवळ विसरले.

बाई दिवसातून चाळीस वेळा माझ्यावर चढत. कार्यालयाचा शिपाई एकदाच चढला. त्याला सगळे पैलवान म्हणत, आणि त्याने ते नाव सार्थ केले. माझी सातवी पायरी कडाडली आणि पैलवान दोन वह्यांसकट खाली बसला.

"लागलं का रे?" बाईंनी विचारले.

"मला नाही लागलं. शिडीला विचारा," तो कंबर चोळत म्हणाला.

मला नवी पायरी बसली. जुनी पायरी पैलवानाने वाऱ्याने आपटणाऱ्या खिडकीला टेकू म्हणून लावली.

अशी वर्षे सरली. मग वरून हुकूम आला, की बत्तीस कार्यालयांच्या सगळ्या नोंदी संगणकात घालून एक मध्यवर्ती माहिती-कोठार उभारायचे. कोणीही, कुठूनही, आपली जमीन एका जागी पाहू शकेल. ते काम करायला एक तरुण संगणकवाली आली. केसांत पेन्सिल खोचलेली, बोलणे भरभर. पैलवान तिला पहिल्याच दिवसापासून ताई म्हणू लागला.

ती येण्याआधी नव्या साहेबांनी दप्तरखाना पुसून घेतला होता. "निम्मी पुस्तकं उलटी? शिस्त म्हणून काही आहे की नाही?" असे म्हणून त्यांनी सगळे कणे बाहेर करवले. त्या दिवशी बाई यजमानांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी रजेवर होत्या. परत आल्या आणि खणांकडे पाहून दारातच थबकल्या. तेव्हाच बोलायला हवे होते. पण निवृत्ती जवळ आलेली, साहेब तापट. 'या वह्या आता कोण उघडतंय,' असे मनाशी म्हणून त्या गप्प राहिल्या. मित्रांनो, चांगल्या माणसांच्या चुका बहुधा अशाच असतात.

वह्या मात्र उघडल्या गेल्या. ताईच्या माणसांनी डावीकडून उजवीकडे, एकेक वही क्रमाने उतरवून संगणकात घातली. एकतीस कार्यालयांचा मेळ बसला. आमच्या कार्यालयात मात्र नकाशापेक्षा चारशे बारा तुकडे जास्त निघाले. एकाच जमिनीला दोन-दोन मालक!

साहेबांनी अहवाल लिहायला घेतला: 'दप्तर अविश्वसनीय. जबाबदारी दप्तर सांभाळणाऱ्यांची.' बाईंच्या निवृत्तीला एकोणीस दिवस उरले होते. चौतीस वर्षांच्या नोकरीवर शेवटी हे वाक्य बसणार होते.

बाई ताईसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी पाठमोऱ्या वह्यांचे सगळे सांगितले.

"मग जुनी कुठली, हे तुम्ही ओळखाल ना?" ताईने विचारले.

"काही ओळखेन. सगळ्या नाही."

"काही ओळखून भागणार नाही, बाई. कोठारात अंदाज टाकला, तर एकाचं घर दुसऱ्याच्या नावावर जाईल."

"ते मला नको शिकवू," बाई हळूच म्हणाल्या. "मला माहितीये म्हणून तर झोप नाही."

इकडे माझीही पाळी आली होती. "संगणक आला, शिडी कशाला?" असे म्हणून साहेबांनी मला व्हरांड्यात आडवे करवले. भंगारवाला दुपारी यायचा होता. आयुष्यात प्रथमच माझे पोट उजेडात आले.

ताई डबा घेऊन व्हरांड्यात आली आणि माझ्याशेजारी बसली. घास तोंडाशी नेता नेता थांबली.

"बाई, जरा इकडे या. शिडीच्या पोटात हे कसलं लिहिलंय?"

बाईंनी चष्मा पुसला. खाली वाकल्या. जांभळ्या अक्षरावरून बोट फिरवले. "आबांचं अक्षर," एवढेच म्हणाल्या आणि माझ्या पायऱ्या खालून एकेक मोजू लागल्या.

मग काय घाई उडाली! पायरी म्हणजे खण, आकडा म्हणजे जागा. वह्या खणांत जागच्या जागीच होत्या, फिरले होते ते फक्त कणे. ताई खुणा वाचत होती, बाई खणात बोट ठेवत होत्या. दुपार कलेपर्यंत एकतीस पाठमोऱ्या वह्या सापडल्या.

"दुहेरी क्रमांक अडतीस आहेत. सात कमी पडतात," ताई म्हणाली. "सातव्या खणाच्या. पण सातव्या पायरीखाली काहीच नाही."

"ती पायरी नवी आहे," बाई म्हणाल्या. दोघींनी एकदमच पैलवानाकडे पाहिले.

"माझ्याकडे काय बघता? मी एकदाच चढलो."

"जुनी पायरी कुठाय?"

पैलवानाने खिडकीकडे बोट केले. बाई गेल्या, टेकू काढला, उलटा केला. खिडकी धाडकन आपटली, पण कोणी दचकले नाही. जांभळ्या सात खुणा, एका ओळीत.

"पैलवान," बाई म्हणाल्या, "तुझं वजन आज सार्थकी लागलं."

भंगारवाला आला तेव्हा पैलवान माझ्यापुढे हात बांधून उभा होता. "दुसरं काही असेल तर ने. ही कामावर आहे."

दोन दिवसांनी मेळ बसला. ना एक तुकडा जास्त, ना एक कमी. ताईने पाठमोऱ्या वह्यांतल्या नोंदी पुसल्या नाहीत. त्यांच्यासाठी कोठारात वेगळी जागा केली आणि तिला नाव दिले 'पाठमोरी'. पुढे तीच रीत बत्तीसही कार्यालयांना लागू झाली. साहेबांनी अहवाल फाडला आणि नव्या अहवालात बाईंचे आणि आबांचे नाव स्वतःच्या हाताने लिहिले. बाईंच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात उद्घाटन झाले, तेव्हा पडद्यावर पहिली नोंद उघडली ती आमच्याच कार्यालयाची. पहिल्या रांगेत बाई बसल्या होत्या. किल्ल्यांचा जुडगा वाजू नये म्हणून त्यांनी तो मुठीत घट्ट धरला होता.

आबा तेव्हा हयात नव्हते. बाई निवृत्त झाल्यावर बारा वर्षे आनंदात जगल्या, आणि दर वर्षी मला भेटायला येत राहिल्या. साहेबांची बदली झाली. पुढच्या कार्यालयात पहिल्या दिवशी काहीही हलवण्याआधी ते शिपायाला विचारत, असे ऐकते. पैलवानाने नातवंडांना सांगितले आहे, की हे कोठार त्याच्या पडण्यामुळे उभे राहिले. ताई आता त्या कोठाराची प्रमुख आहे, आणि केसांतली पेन्सिल पांढऱ्या केसांतही तशीच आहे.

आणि मी? तिने मला कोठाराच्या इमारतीत आणले. माझी जुनी सातवी पायरी नव्या पायरीलाच दोरीने बांधली आहे. नव्या मुली कामावर येतात आणि विचारतात, "संगणकात हा 'पाठमोरी' शब्द कुठून आला?" ताई म्हणते, "जा, शिडीखाली वाकून बघा."

मित्रांनो, एवढेच मागते. जुन्या वस्तू टाकण्याआधी एकदा उलटून पाहा. आणि तुम्हाला जे ठाऊक आहे, ते पुसले जाणार नाही अशा जागी लिहून ठेवा. मुली वाकतात, बोटाने जांभळी अक्षरे वाचतात, तेव्हा माझ्या पोटाला अजून गुदगुल्या होतात.