ढावलो कोणासाठी

“आवाज कुठी गेला, बाई? तांड्यावर तं आभायाले भिडत होता!” गोपीचंदने माइक मोतीबाईच्या तोंडापुढे थोडा सरकवला.

मोतीबाई खुर्चीच्या टोकावर बसली होती. कानांवरचे हेडफोन पडतील म्हणून तिने ते दोन्ही हातांनी धरून ठेवले होते. मंगरूळपीरच्या स्टँडमागची ती खोली, भिंतींना फोम लावलेला. सकाळपासून ती ढावलो म्हणत होती. शब्द बरोबर येत होते, सूरही. तरी काचेपलीकडे रेकॉर्डिंगच्या यंत्रापुढे बसलेली तनुजा प्रत्येक वेळी मान हलवत होती, नाही म्हणून.

ढावलो म्हणजे बंजारा मुलगी सासरी निघताना माणसांच्या गळ्यात पडून, रडत म्हणते ते गाणं. हल्लीच्या मुलींना तो येत नाही, मग मोतीबाईसारख्या बाया नवरीला धरून तो तिच्या वतीने म्हणतात. पोहरादेवीकडच्या एका लग्नात गोपीचंदने तिला असंच ऐकलं होतं.

गळे शोधणं हेच त्याचं काम. कॅसेटच्या काळापासून तो अकोल्याच्या एका कंपनीसाठी वऱ्हाडभर फिरत आला होता. यात्रेत, भजनात, हळदीच्या मांडवात तो गर्दीच्या मागे उभा राहायचा. गायकाकडे तो पाहतच नसे, खेळणाऱ्या पोरांकडे पाहायचा. पोरं खेळायची थांबली की तिथे आवाज आहे, असं त्याचं अनुमान होतं आणि ते सहसा चुकत नसे. कंपनी आता जुन्या मालकांच्या मुलाकडे, अंकुरकडे आली होती. लोक स्वतःच मोबाइलवर गाणी टाकतात, कोण चालतं ते बसल्या जागी कळतं, मग हिंडणारा माणूस कशाला, असं अंकुरचं म्हणणं. “काका, ही एक रेकॉर्डिंग करून बघू. जमली तर तुम्ही राहा. नाही तर आता आराम करा,” तो म्हणाला होता.

चहा आला. हेडफोन काढल्यावर मोतीबाईचा चेहरा मोकळा झाला.

“भाऊ, गाऊन मी राह्यली अन् घाम तुमाले काहून येऊन राह्यला?”

त्याने सांगून टाकलं.

“म्हंजे हे नाई जमलं तं तुमाले काढतीन?”

“हो.”

“अन् मले खुर्चीवर बसवलं! कोनाच्या गळ्यात पडू मी? याच्या?” तिने माइकच्या दांडीकडे हात केला. काचेपलीकडे तनुजाला हसू आवरेना.

गोपीचंद ओशाळला. तो तांड्यातच वाढला होता. सासरी जाताना त्याची बहीण त्याच्याच गळ्यात पडून गायली होती. पण माइक लावायचा तर माणसाला त्याच्यापुढे एकटं बसवायचं, हे इतक्या वर्षांत अंगात मुरलं होतं.

“तनुजाले बोलावतो. तिले धरा.”

“ते कुठी जाऊन राह्यली? ते तं इथंच हाय.” मोतीबाई उठली. “मी माहेरची राठोड. तुमीबी राठोड. भाऊच झाले. या इकडे.”

तिने त्याच्या गळ्यात हात टाकले, खांद्यावर डोकं टेकलं. तनुजा आत आली, माइक त्या दोघांजवळ आणून ठेवला आणि काही न बोलता परत जाऊन बसली.

गाण्यात नवरी नव्हती, भाऊ होता. भाऊ तांडोतांडी हिंडला, दुसऱ्यांचे गळे वेचून शहरात नेले. आता त्याची गाडी जुंपली आहे. वाटांनो, त्याला ओळख द्या. शब्द तिला जागच्या जागी सुचत होते. गोपीचंद आधी सवयीने ऐकत होता, ती दम कुठे घेते, सूर कुठे हलतो. मग ते ऐकणं बंद पडलं. आपल्याच घशातून येणारा आवाज त्याला जरा उशिराच कळला.

तनुजाने ते तसंच अकोल्याला पाठवलं. थोड्या वेळाने अंकुरचा फोन आला. तिने तो आत आणून सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

“काका, बाई कमाल आहे! तुमची जागा पक्की. फक्त तो रडणारा माणूस काढून टाका.”

“सर, आवाज एकात एक गेलेत,” तनुजा म्हणाली. “त्याचा पुसला तर बाईचाही फाटेल.”

“मग परत गाऊन घ्या. त्यात काय!”

गोपीचंदने मोतीबाईकडे पाहिलं.

“तुमी म्हनसान तं गाईन न जी,” ती म्हणाली. “पन जागा पक्की झाली म्हनते तो. तुमी कुठी जात नाई, तं मंग मी रडू कायले? खोटं रडनं नाई येत मले. सकायपासून पाह्यलं न तुमी.”

तो राहणार असेल तर गाणं नव्हतं.

गोपीचंद फोनशी वाकला. “अंकुरभाऊ, हे असंच राहू द्या. लोकायले ऐकवा, नाई तं नका ऐकवू. मी काम सोडतो.”

“तुमची मर्जी, काका.”

“अरे बाप्पा,” मोतीबाई खुर्चीवर बसली. “माह्या गान्यानं तुमची नौकरी गेली!”

“नौकरी कवाचीच गेली होती, बाई. बोळवन राह्यली होती. ते तुमी केली.”

तो भिंतीकडे गेला. फोमच्या दोन पट्ट्यांमध्ये एक खिडकी होती. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून ती कायम बंद असायची. कडी गंजून घट्ट बसली होती, तळहाताने दोन-तीनदा ठोकल्यावर निघाली. हॉर्न, भज्यांचा वास, मानोऱ्याच्या गाडीसाठी ओरडणारा कंडक्टर, सगळं एकदम आत आलं. बंद करा म्हणायला तनुजाचा हात सवयीने वर गेला आणि तसाच खाली आला.