फुंकर मारलेला चेंडू

त्या रविवारी गावाबाहेरच्या गोल्फच्या मैदानावर मुंगीला शिरायला वाव नव्हता. एरवी तिथे चार-दोन पेन्शनर आणि त्यांच्याहून जास्त कावळे असायचे. आज मात्र ज्यांनी जन्मात गोल्फची काठी हातात धरली नव्हती, तेही आले होते. गुडघेदुखीवाले आले होते, रात्री झोप न येणारे आले होते, दुकान न चालणारे आले होते. सगळ्यांच्या नजरा पांढऱ्याशुभ्र कपड्यांतल्या एका गुबगुबीत माणसावर खिळल्या होत्या. हे वायुगुरू.

"चेंडू कोण मारतं?" वायुगुरूंनी डोळे मिटून विचारलं. "तुम्ही? छे! तुम्ही नुसती काठी हलवता. चेंडू नेतो वारा! आणि वारा ओझं नेत नाही. मनातलं ओझं, घरातलं ओझं, गोळ्या-औषधांचं ओझं. टाका ते! हलके व्हा!"

"हलके व्हा!" गर्दी म्हणाली. त्यात सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्या गृहस्थांचं वजन दोघांना पुरेल एवढं होतं.

मग अप्पा पुढे आले. अप्पांबरोबर नेहमीप्रमाणे काका, मैदानाच्या फाटकापाशी गोल्फचं सामान विकणारे, अप्पांचे शाळेपासूनचे दोस्त. काकांनी आपल्या पत्र्याच्या डब्यातून एक चेंडू काढला आणि खाली वाकून लाकडी खुंटीवर ठेवला. अप्पांनी टोला हाणला. चेंडू वर गेला, मध्येच त्याचा धीर सुटल्यासारखा झाला आणि अंतर दाखवणाऱ्या पहिल्या पाटीच्याही अलीकडे पडला.

"हा ओझ्याचा चेंडू," वायुगुरू म्हणाले. "त्याला कोणी शिवू नका. ज्याचं ओझं त्याला लखलाभ."

काकांनी दुसरा चेंडू काढून गुरूंच्या तळहातावर ठेवला. गुरूंनी त्यावर एक लांबलचक फुंकर घातली. काकांनी तो खुंटीवर ठेवला. अप्पांनी तसाच टोला मारला, तीच काठी, तोच खांदा. या वेळी चेंडू उंच उठला, पहिली पाटी मागे टाकली, दुसरी टाकली आणि तिसऱ्या पाटीपाशी जाऊन टेकला. टाळ्यांचा कडकडाट झाला. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

गर्दीच्या मागच्या टोकाला अप्पांची लेक दात आवळून उभी होती. ती दातांची डॉक्टर. दात आवळू नका, झिजतात, असं ती दिवसभर लोकांना सांगायची.

तिचा राग गुरूंच्या फुंकरीवर नव्हता. फुंकर मारायची तर मारा बापडे. तिला खात होती ती घरच्या कपाटातली गोळ्यांची डबी. गेल्या वर्षी अप्पांना हृदयाचा झटका येऊन गेला होता. गोळ्या जन्मभर घ्यायच्या होत्या, आणि काही आठवड्यांपूर्वीच्या, वायुगुरूंच्या पहिल्या फुंकरीपासून अप्पांनी त्या बंद केल्या होत्या. आता संध्याकाळी त्यांचे पाय सुजायचे. जिना चढताना मध्येच थांबून ते भिंतीवरचं चित्र बघतोय असं सोंग करायचे.

"अप्पा, गोळी घ्या ना," ती त्या दुपारी पुन्हा म्हणाली.

"अगं, चेंडू मी मारलाय. माझ्या हाताने. मी काय दुसऱ्याचं ऐकून बोलतोय का? तुझ्या त्या हृदयाच्या डॉक्टरला सांग, माझा चेंडू तिसऱ्या पाटीला नेऊन दाखव म्हणावं."

गुरू येण्याआधीचे दिवस तिनेही पाहिले होते. आजारातून उठल्यावर अप्पा पुन्हा मैदानावर जाऊ लागले, आणि त्यांचा चेंडू पडायचा आपला पायापाशी. घरी येऊन बूटही न काढता ते खुर्चीत बसून राहायचे. "संपलं गं. हात गेला माझा," म्हणायचे. जेवण अर्ध्यावर आलं होतं. आणि मग एका फुंकरीत तो हात परत मिळाला होता. अशा माणसाला गुरू खोटा आहे असं सांगणं म्हणजे तुमचा हात खरंच गेलाय असं सांगण्यासारखंच होतं.

त्या काळात अप्पांना कोणी सांभाळलं असेल तर काकांनी. दवाखान्याच्या बाकावर रात्ररात्र बसले ते काका. अप्पांना खाली वाकू न देणारे काका. "तू वाकायचं नाहीस, छातीवर ताण येतो. चेंडू मी ठेवतो. मी मेलोय का?" असं म्हणत प्रत्येक चेंडू ते आपल्या हाताने खुंटीवर ठेवायचे. लेकीने मनातल्या मनात त्यांचे पाय धरले होते.

पण शिवू नका म्हटलं की शिवायची तिची खोड लहानपणापासूनची. गर्दी पांगताना ती पहिल्या पाटीपर्यंत गेली आणि तो ओझ्याचा चेंडू उचलून तिने पर्समध्ये टाकला.

सोमवारी दवाखान्यात एका पेशंटला भुलीचं इंजेक्शन देऊन ती जबडा बधिर व्हायची वाट बघत होती. पर्समध्ये रुमाल शोधताना चेंडू हाताला लागला. तिने तो दिव्याखाली धरला. गोल्फच्या चेंडूवर असतात तसे छोटे छोटे खळगे नीट दिसत होते. दुसऱ्या हातात दाताची कीड शोधायची अणकुचीदार सळई होती. सवयीने तिने ती चेंडूवरून फिरवली. सळई घसरली. पुन्हा फिरवली, पुन्हा घसरली. डोळ्यांना खळगा दिसत होता, पण टोक आत जात नव्हतं.

"अरेच्चा! हे तर भरलंय!" ती मोठ्याने म्हणाली.

"कोणता? खालचा की वरचा?" खुर्चीतला पेशंट बोबड्या आवाजात किंचाळला.

एकेक खळगा पारदर्शक रोगणाने काठोकाठ भरला होता, ती स्वतः किडका दात भरते तसा, सफाईने, थरावर थर देऊन. तिने चेंडू नाकाशी नेला. हा वास तिच्या ओळखीचा होता. काकांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत जुने चेंडू धुऊन त्यांना चकाकी देण्याचं काम चालायचं. लहानपणी सुट्टीत ती तिथे स्टुलावर बसून काकांनी दिलेली गोळी चघळायची, तेव्हा हाच वास यायचा.

काकांना जाऊन विचारावं, असं तिला दहादा वाटलं. ती गेली नाही. ते काहीतरी सांगतील आणि आपण त्यावर विश्वास ठेवू, ही तिला भीती होती.

पुढच्या रविवारी मैदानावर दुप्पट गर्दी होती. वायुगुरू बसायच्या आतच ती पुढे झाली.

"गुरुजी, हा तुमचा ओझ्याचा चेंडू. अप्पांचं ओझं गेल्या रविवारी उतरलं ना? मग यावर फुंकर मारा, अप्पा तो उडवून दाखवतील."

काकांच्या हातातला डबा वाजला.

"शिवू नका म्हटलं होतं, बेटा," गुरू गोड हसले. "त्यात पाप साचलंय."

"म्हणूनच आणलाय. चांगल्या चेंडूवर फुंकर मारून काय उपयोग? आजाऱ्याला औषध द्यायचं."

"बरोबर आहे, मारा फुंकर!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. गर्दीला काय, तमाशा हवा असतो. गुरूंचा नाइलाज झाला. त्यांनी एकदा फुंकर मारली, मग जरा जोर लावून पुन्हा मारली. गाल फुगले, चेहरा लाल झाला. चेंडू लेकीने स्वतः खुंटीवर ठेवला आणि अप्पांच्या कानाशी म्हणाली, "सावकाश मारा. दम लागला तर थांबा."

अप्पांनी टोला मारला. चेंडू पहिल्या पाटीच्या अलीकडे पडला.

"अविश्वासाचा हात लागला!" गुरू गरजले. "फुंकर बाटली!"

"बरं, मग आता विश्वास राहू द्या बाजूला," ती म्हणाली. मैदानाच्या राखणदाराने चेंडू आणून दिला. तिने पर्समधून काचेची बरणी काढली. "हे नखांचं रोगण काढायचं पाणी. कुठल्याही दुकानात मिळतं. मंत्रबिंत्र काही नाही." चेंडू त्यात बुडवून, थोडा वेळ ठेवून, तिने दात घासायच्या ब्रशने तो खसाखसा घासला. रोगण बुळबुळीत होऊन निघू लागलं. पुसलेला चेंडू तिने पुढे बसलेल्या वजनदार गृहस्थांच्या हातात दिला. "अंगठा फिरवा."

"अहो, हा तर खडबडीत झाला!" ते म्हणाले. "खळगे लागतात हाताला."

"अप्पा, आता मारा. एकच."

चेंडू उठला, दुसरी पाटी ओलांडून गेला आणि तिसऱ्या पाटीपाशी टेकला. कोणीही टाळी वाजवली नाही.

"चेंडू हवेतून जातो तेव्हा हवा त्याच्या अंगाला लगटून मागे जाते," ती सांगू लागली. "चेंडू गुळगुळीत असला की ती लवकर सुटते आणि चेंडूच्या पाठीमागे भोवऱ्यांची मोठी पोकळी होते. ती त्याला मागे ओढते. खळगे असले की अंगालगतची हवा घुसळली जाते आणि जास्त वेळ चिकटून राहते, म्हणून पोकळी लहान होते, ओढ कमी होते. शिवाय टोल्याने चेंडू उलटा फिरतो, हवेला खाली लोटतो आणि स्वतः वर उचलला जातो. त्यालाही खळगे मदत करतात. पूर्वी चेंडू गुळगुळीतच असत. टोले खाऊन चरे पडलेला जुना चेंडू नव्यापेक्षा लांब जातो, हे खेळणाऱ्यांनी पाहिलं, तेव्हापासून ते मुद्दाम खडबडीत करतात. तुम्हाला दाखवला तो चमत्कार म्हणजे साधा, दुकानातला चेंडू. लबाडी होती ती आधीच्या चेंडूत."

वायुगुरू एवढ्यात गाडीपर्यंत पोचले होते. वारा ओझं नेत नाही म्हणतात, पण त्यांना त्याने बऱ्यापैकी वेगाने नेलं.

अप्पांनी गुरूंकडे पाहिलंच नाही. ते काकांसमोर जाऊन उभे राहिले. हातमोजा काढला, काकांच्या डब्यात हात घातला आणि एकेका चेंडूवरून अंगठा फिरवू लागले. गुळगुळीत. हाही गुळगुळीत.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"अरे, दुकान बसलं होतं रे माझं," काका पुटपुटले. "तो म्हणाला, आधी एकाचा चेंडू पाड, मग मी उडवतो. लोकांचा विश्वास बसेल असा माणूस हवा. मग फुंकरीचे चेंडू तुझ्या दुकानात विकू."

"आणि मीच सापडलो?"

"दुसऱ्या कोणी मला चेंडू ठेवू दिला नसता."

अप्पांचा चेहरा पडला. "हात गेला म्हणून मी तुझ्यापाशी रडलो होतो. तू माझ्या पाठीवरून हात फिरवत होतास. तेव्हा हा डबा तुझ्या दुसऱ्या हातात होता."

"गोळ्या बंद कर असं मी नव्हतो म्हणालो."

"चालू ठेव असंही नाही म्हणालास."

अप्पा लेकीकडे वळले. "पाणी आहे का गं तुझ्याकडे? आणि ती गोळी?" दोन्ही तिच्या पर्समध्ये होती. आपण जिंकलो, असं तिला वाटायला हवं होतं. तिला फक्त रडू येत होतं, आणि स्टुलावर चघळलेल्या गोळीची चव आठवत होती.

लोकहो, फुंकरीने फसणारी माणसं मूर्ख असतात, असं समजू नका. अप्पांनी परीक्षा घेतली होती, स्वतःच्या हाताने टोला मारला होता. फक्त चेंडू चाचपायचा राहिला, कारण तो मायेच्या माणसाने ठेवला होता. बुवा एकटा कोणाला फसवू शकत नाही. त्याला आपल्यातलाच कोणीतरी लागतो. म्हणून शंका घ्यायला लाजू नका, आणि मायेच्या माणसाला प्रश्न विचारला तर माया आटत नाही. खऱ्या मायेला त्याने काहीच होत नाही.

पुढे डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर अप्पा पुन्हा मैदानावर जाऊ लागले. काकांचं दुकान बंद असतं. पहिल्याच दिवशी अप्पा गुडघ्यावर हात टेकून सावकाश खाली वाकले, तेव्हा शेजारचा खेळाडू धावत आला. "अहो अप्पा, थांबा, मी ठेवतो!"

"नको," अप्पा म्हणाले. त्यांनी हातमोजा काढून चेंडूवरून अंगठा फिरवला, सगळीकडून, आणि मग तो स्वतःच्या हाताने खुंटीवर ठेवला.